पोटातलं आम्ल, छातीतली घरघर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या लाइंग-इन रुग्णालयात कर्टिस मेंडेल्सन नावाचे प्रसूतितज्ज्ञ काम करत होते. तेव्हा बाळंतपणात बाईला ईथर किंवा तत्सम वायू हुंगवून गुंगवण्याची पद्धत सर्रास होती. गुंगीत पोटातलं वर येई आणि कधी कधी ते बाहेर पडण्याऐवजी श्वासनलिकेत उतरे. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदी मेंडेल्सन यांनी चाळल्या, तेव्हा असे ६६ प्रसंग सापडले. घन अन्न अडकून जीव घुसमटला, त्या प्रसंगांत समजून घेण्यासारखं फारसं नव्हतं. कोडं होतं ते श्वासनलिकेत नुसता पातळ द्रव गेलेल्या स्त्रियांचं. थोड्या वेळाने त्यांना धाप लागे, अंग निळसर पडे, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला की दमेकऱ्याच्या छातीत ऐकू येते तशी शिट्टी ऐकू येई. ज्यांना जन्मात दमा नव्हता, त्यांच्या छातीत ती कुठून आली?

मेंडेल्सन सशांकडे वळले. सशाच्या श्वासनलिकेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं, की ससा तसाच धापा टाकू लागे. आंबट उलटी सोडली तरी तेच. पण उलटीतलं आम्ल आधी मारून मग ती सोडली, तर ती विशिष्ट घरघर होत नसे. दोषी अन्न नव्हतं, आम्ल होतं. १९४६ साली हा निबंध छापून आला. आज कोणत्याही ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ ‘अमुक वाजल्यानंतर काही खाऊ नका’ असं बजावतात आणि नातेवाईक ‘एवढासा चहा चालेल का?’ म्हणून हुज्जत घालतात, त्या नियमाला बळ देण्यात या निबंधाचा मोठा वाटा आहे.

मेंडेल्सन यांच्या रुग्ण गुंगीत होत्या आणि वर आलेला द्रव पुष्कळ होता. पण हीच गोष्ट आपल्या घरात, आपल्या अंथरुणात, रोज रात्री थेंबाथेंबाने घडत असेल तर? ‘जेवण घशाशी येतं’ अशी तक्रार करणाऱ्या माणसाला पहाटे धाप लागत असेल, तर या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध जोडायचा का? दमेकरी डॉक्टरकडे गेला की धूळ, धूर, मांजर, उदबत्ती, थंडी या सगळ्यांची चौकशी होते. रात्री किती वाजता जेवता आणि जेवल्यावर किती वेळाने आडवे होता, हे क्वचितच विचारलं जातं.

जुन्या वैद्यांच्या मात्र ही गोष्ट नजरेत भरली होती. विल्यम ऑस्लर यांचं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक १८९२ साली पहिल्यांदा निघालं आणि पुढे दोन पिढ्यांच्या डॉक्टरांनी ते वाचलं. जठराकडून येणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेने दम्याचा झटका येऊ शकतो आणि अनुभवी दमेकरी मुख्य जेवण दुपारीच उरकून घ्यायला शिकतात, असं त्यांनी नोंदवलं आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोत राहणाऱ्या मैमोनिदीसने एका राजघराण्यातल्या दमेकऱ्यासाठी आख्खा ग्रंथ लिहिला, त्यातही पोटाला तडस लागेपर्यंत जेवू नये हा उपदेश ठळक आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सतरावा अध्याय उचकी आणि श्वास या विकारांचा आहे. या विकारांमध्ये दोष कफ-वाताचा असला तरी त्यांचा उगम पित्ताच्या स्थानी होतो, असं तिथे म्हटलं आहे आणि टीकाकारांनी ते स्थान म्हणजे आमाशय असा अर्थ लावला आहे. तमक श्वासाचा, म्हणजे दम्याशी मिळत्याजुळत्या विकाराचा, रोगी आडवा झाला की बेजार होतो आणि उठून बसला की त्याला बरं वाटतं, हे निरीक्षणही त्याच अध्यायात आहे.

यावरून ‘आमच्या पूर्वजांना ॲसिड रिफ्लक्स (पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर येणं) ठाऊक होता’ अशी आरोळी ठोकायचं कारण नाही. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हेच मुळी एकोणिसाव्या शतकात सिद्ध झालं. शिवाय उठून बसल्यावर बरं वाटणं हे कोणत्याही दम्यात होतं, त्याला पोटातलं आम्ल कारण असावंच लागत नाही. पण रोग्याच्या उशाशी बसून, त्याच्या जेवणाची आणि झोपेची वेळ लक्षात ठेवून केलेलं निरीक्षण म्हणून या नोंदींचं मोल आहे. मध्यंतरी ते निरीक्षण मागे पडलं. फुप्फुसाचे डॉक्टर वेगळे झाले, पोटाचे वेगळे झाले, आणि रोग्याची दोन फायलींत वाटणी झाली.

शरीराने मात्र ही वाटणी मान्य केलेली नाही. गर्भ चौथ्या आठवड्यात असताना ज्या नळीपासून पुढे अन्ननलिका आणि जठर बनायचं असतं, तिच्याच पुढच्या बाजूला एक फुगवटा येतो. तो वाढत, फांद्या फुटत श्वासनलिका आणि फुप्फुसं तयार होतात. दोघांचा उगम एक, आणि दोघांकडे जाणारा मुख्य मज्जातंतूही एकच. मेंदूच्या तळातून निघालेला हा व्हेगस तंतू घशातून छातीत उतरतो, श्वासनलिकांना शाखा देतो, अन्ननलिकेला लपेटून घेतो आणि पोटात शिरतो. अन्ननलिकेच्या तळाशी काही टोचलं, जळलं, तर ती खबर याच तंतूने वर जाते आणि श्वासनलिकांचे स्नायू आवळण्याचा हुकूमही याच तंतूने खाली येतो.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे काही सेंटिमीटर लांबीचं एक स्नायूंचं कडं आहे. घास आला की ते उघडतं, एरवी मिटून असतं. त्याला बाहेरून आधार असतो श्वासपटलाचा. छाती आणि पोट यांच्यामधल्या या स्नायूच्या पडद्यातल्या भोकातून अन्ननलिका खाली येते आणि त्या भोकाच्या कडा तिला चिमटीत धरल्यासारख्या धरून ठेवतात. छातीत दाब कमी आणि पोटात जास्त, त्यामुळे पोटातल्या ऐवजाचा कल कायम वरच्या दिशेने असतो. ते कडं अधूनमधून, विशेषतः भरपेट जेवणानंतर, घास नसतानाही काही सेकंद सैल पडतं. धडधाकट माणसाच्याही अन्ननलिकेत दिवसातून अनेकदा थोडं आम्ल येऊन जातं. आपण उभे असतो, लाळ गिळत असतो, लाळेतल्या बायकार्बोनेटने उरलंसुरलं आम्ल मारलं जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. झोपेत यातलं काहीच नीट चालत नाही. आडवं झाल्यावर गुरुत्वाकर्षणाची मदत संपते, लाळ जवळजवळ आटते, गिळणं क्वचित होतं. त्यामुळे रात्री वर आलेलं आम्ल तिथेच रेंगाळतं.

तिथून श्वासाला त्रास होण्याचे दोन मार्ग सांगितले जातात. पहिला मेंडेल्सनचाच, फक्त सूक्ष्म प्रमाणात: आम्लाचे बारीक थेंब घशापर्यंत चढतात आणि स्वरयंत्र ओलांडून श्वासनलिकेत झिरपतात. छातीत जळजळ नसतानाही असं घडू शकतं, याकडे १९६२ साली जॉन केनेडी या डॉक्टरांनी लक्ष वेधलं आणि त्याला मूक रिफ्लक्स म्हटलं. दुसऱ्या मार्गात आम्ल श्वासनलिकेत पोचतच नाही. ते अन्ननलिकेच्या तळाशीच राहतं, पण तिथल्या मज्जातंतूंना डिवचतं आणि व्हेगसच्या वाटेने श्वासनलिका आकसतात. ऑस्लर यांचा रोख याच मार्गाकडे होता. दम्याच्या रुग्णांच्या अन्ननलिकेत नळीने सौम्य आम्ल सोडून १९७०च्या दशकापासून ही कल्पना तपासली गेली आहे.

दोन्हींतला कोणता मार्ग जास्त जोरकस? १९८४ साली मांजरांवर एक प्रयोग झाला. अन्ननलिकेत १० मिलिलिटर आम्ल सोडल्यावर फुप्फुसातला हवेचा अडथळा सुमारे दीडपट झाला. श्वासनलिकेत ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, सोडल्यावर तो साडेचार पटींच्या वर गेला. माणसांतही अन्ननलिकेत आम्ल सोडून होणारा आकस बेताचाच आढळतो. पण त्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. आम्लाने चिडलेल्या अन्ननलिकेमुळे श्वासनलिका हळव्या होतात. एरवी ज्या धुराने, ज्या थंड वाऱ्याने काही झालं नसतं, त्यानेच त्या आवळतात. पहाटेच्या गारठ्यात धाप लागली की दोष गारठ्यालाच दिला जातो, आदल्या रात्रीचं उशिराचं जेवण संशयितांच्या यादीत येतच नाही.

इथपर्यंतची गोष्ट सरळ वाटते: आम्ल वर येतं आणि दमा चाळवतो. पण तिला उलटी बाजूही आहे. दम्यातल्या धापेत माणूस जोर लावून हवा ओढतो, छातीतला दाब आणखी उतरतो आणि पोटातला ऐवज वर खेचला जातो. आत अडकलेल्या हवेने फुप्फुसं फुगतात, श्वासपटल खाली दबून चपटं होतं आणि त्याच्या कडांची अन्ननलिकेभोवतीची पकड ढिली पडते. प्रत्येक खोकल्याबरोबर पोटावर दाब येतो तो वेगळाच. भरीला औषधंही आहेत. थिओफायलिनच्या गोळ्या आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या दम्यासाठी घेतल्या जातात. स्वस्त आहेत, गावोगाव मिळतात. पण त्या अन्ननलिकेच्या तळाचं कडं सैल करतात आणि जठरातलं आम्लही वाढवतात. श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलसारख्या औषधांच्या पोटात घ्यायच्या गोळ्याही त्या कड्याला थोडंफार सैल करतात. पोटात घेतलेल्या स्टिरॉइडनेही रिफ्लक्स वाढल्याचं दिसलं आहे. पंपातून ओढलेलं औषध मात्रेने फार कमी असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं, त्यामुळे हा उपद्रव बराच टळतो. ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ हा घरोघरचा समज किती उफराटा आहे, ते यावरून लक्षात यावं.

तेव्हा दमेकऱ्यांमध्ये रिफ्लक्स जास्त आढळतो, एवढ्यावरून कोण कोणाला कारण ते ठरत नाही. तो जास्त आढळतो हे मात्र नक्की. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ५९.२ टक्के दमेकऱ्यांना रिफ्लक्सची लक्षणं होती. दमा नसलेल्यांमध्ये हे प्रमाण ३८.१ टक्के होतं.

मग आम्ल बंद करून पाहणं हा उघड उपाय होता. आम्ल घटवणारं पहिलं खरोखर प्रभावी औषध म्हणजे सिमेटिडीन. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. त्या सन्मानामागे त्यांचा दुसरा शोध होता प्रोप्रॅनोलॉल, जे हृदयाला तारतं पण दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकतं. एकाच शास्त्रज्ञाचं एक औषध या प्रकरणात उपयोगी पडण्याजोगं आणि दुसरं टाळण्याजोगं, हा योगायोग मजेशीर आहे. सिमेटिडीननंतर ओमेप्राझोल आलं आणि त्याच्या घराण्यातली पॅन्टोप्राझोल, इसोमेप्राझोल वगैरे मंडळी आली. ही औषधं जठरातले आम्लाचे रेणवीय पंपच बंद पाडतात. दम्याच्या तज्ज्ञांनीही ती मोठ्या आशेने लिहून द्यायला सुरुवात केली. दमा आटोक्यात येत नाही? मूक रिफ्लक्स असेल, द्या गोळी.

अमेरिकेत याची नीट परीक्षा झाली आणि २००९ साली निकाल छापला गेला. पंपातून स्टिरॉइड घेऊनही दमा आटोक्यात नसलेले, पण छातीत जळजळ नसलेले किंवा अगदी किरकोळ असलेले ४१२ रुग्ण निवडले. निम्म्यांना इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी, असं २४ आठवडे चाललं. नाकातून बारीक तार अन्ननलिकेत सोडून दिवसभराची आम्लता मोजली, तेव्हा सुमारे ४० टक्के रुग्णांत रिफ्लक्स खरोखर सापडला. म्हणजे मूक रिफ्लक्स ही कल्पना खोटी नव्हती. पण दम्यात फरक पडला नाही. दमा बिघडण्याचे प्रसंग दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले, आणि तारेवर रिफ्लक्स सापडलेल्यांनाही गोळीचा लाभ झाला नाही. २०१२ साली ३०६ मुलांवरच्या तशाच परीक्षेचा निकाल आला. लॅन्सोप्राझोलने मुलांचा दमा सुधारला नाही, उलट गोळी घेणाऱ्या मुलांना श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त झाले. जठरातलं आम्ल अन्नाबरोबर आलेल्या जंतूंना मारायलाही असतं, ते नाहीसं करण्याची काही किंमत मोजावी लागते.

याच्या आधी, २००६ साली, ७७० रुग्णांच्या एका अभ्यासातून वेगळी गोष्ट पुढे आली होती. रिफ्लक्सची लक्षणं आणि रात्री दम्याचा त्रास, अशी दोन्ही दुखणी ज्यांना होती, त्यांच्या फुंकरीचा जोर इसोमेप्राझोलने सुधारला. फार नाही, पण सुधारला. हे निकाल शेजारी शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं यांपैकी काही ज्याला जाणवतं आणि ज्याचा दमा रात्री उचल खातो, त्याला आम्ल कमी करून पाहण्यात अर्थ आहे. ज्याला यातलं काहीच नाही, त्याच्या दम्यासाठी ‘असू दे, एक पित्ताची गोळी’ म्हणून ती लिहिण्याला आधार नाही. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचाही कल हाच आहे. आपल्याकडे सर्दीच्या औषधाबरोबरही ही गोळी कागदावर येते आणि ती पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. ही सवय मोडायला हवी.

गोळी इतक्या लोकांत निरुपयोगी का ठरली? एक कारण असं की ही औषधं रिफ्लक्स थांबवत नाहीत, फक्त त्यातली आम्लता घटवतात. कडं सैल ते सैलच. जठरातला ऐवज वर येतच राहतो, त्यात पेप्सिन हे पाचक द्रव्य असतं, कधी यकृतातलं पित्तही असतं. ते कडंच बळकट करायचं तर शस्त्रक्रिया आहे. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळण्याची ही पद्धत रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. रिफ्लक्स तीव्र असेल तर ती उपयोगी पडते, पण नुसत्या दम्यासाठी कोणी ती करून घेऊ नये.

दुसरं कारण जास्त साधं आहे. रात्रीच्या दम्याला आम्लाची गरजच लागते असं नाही. रात्री कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरकं शरीरात कमी असतात आणि पहाटेच्या सुमारास प्रत्येकाच्याच श्वासनलिका थोड्या अरुंद होतात. दमेकऱ्याला तेवढं अरुंदपण पुरतं. शिवाय छातीची वाटणारी घरघर कधी घशातली असते. आम्लाने चिडलेल्या स्वरयंत्राच्या पट्ट्या श्वास घेताना उघडण्याऐवजी मिटतात, शिट्टीसारखा आवाज येतो आणि रोग्याला दमेकरी ठरवलं जातं. श्वास सोडताना नव्हे तर घेताना अडतं आणि पंपाने काही फरक पडत नाही, ही त्यातली खूण. असा संशय असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

मग दमेकऱ्याने करायचं काय? गोळीच्याही आधी घड्याळाकडे पाहावं. कार्यालय सुटल्यावर लोकलचा प्रवास, घरी पोचायला साडेनऊ, जेवण दहाला आणि अंथरुण अकराला, हे मुंबई-पुण्यातलं नेहमीचं वेळापत्रक रिफ्लक्सच्या फार सोयीचं आहे. जेवण आणि झोप यांत निदान दोन-तीन तास असावेत. ते जमतच नसेल तर संध्याकाळी सहा-सातला डब्यातली भाजी-पोळी खाऊन घ्यावी आणि रात्री घरी थोडासा मऊ भात. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. उशीवर उशी रचून हे साधत नाही, कारण त्याने कंबरेत घडी पडते आणि पोट उलट दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपल्याने अन्ननलिकेत आम्ल कमी वेळ राहतं, हे मोजमापांतून दिसलं आहे. पोटाचा घेर कमी झाला तर दमा आणि रिफ्लक्स दोघांनाही उतार पडतो. विडी-सिगारेटबद्दल तर बोलायलाच नको.

तिखट, टोमॅटो, चहा, लिंबू यांची सरसकट बंदी मात्र मी सुचवणार नाही. कोणाला कशाने त्रास होतो ते माणसागणिक बदलतं आणि सगळंच वर्ज्य केलेला माणूस आठवड्याभरात सगळंच खायला लागतो. तळलेलं आणि भरपूर तेलातुपाचं रात्री टाळावं, एवढं पुरे. थंड दुधाने घटकाभर थंडावा मिळतो, पण त्यातल्या कॅल्शियम आणि प्रथिनांमुळे पुढे आम्ल सुटतं, त्यामुळे झोपताना पेलाभर दूध हा उपाय नव्हे.

डॉक्टरांनी आम्लाची गोळी दिलीच, तर ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी, कारण ती जठरातल्या चालू असलेल्या आम्लाच्या पंपांनाच पकडते. आणि तिची मुदत ठरवून घ्यावी. केमिस्टकडे पीक फ्लो मीटर नावाचं फुंकण्याचं साधं उपकरण मिळतं. सकाळ-संध्याकाळ त्यावर फुंकून आकडा वहीत लिहावा. दोन-तीन महिन्यांत आकडे आणि रात्रीची झोप सुधारली नाही, तर दम्यासाठी म्हणून घेतलेली ती गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी.

गोळीने छातीतली जळजळ थांबली म्हणून पंप बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. दम्याची सूज पंपातल्या स्टिरॉइडनेच आवरते, आम्लाच्या गोळीने नाही. गिळताना घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळी होत असेल, तर घरगुती उपाय सोडून एन्डोस्कोपीबद्दल विचारा. आणि एक वाक्य एका दमात पुरं करता येत नसेल, तर ‘पित्त झालंय, उतरेल’ म्हणत बसू नका. झटक्याच्या वेळचा पंप घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.